यूएटीची सही काही केल्या मिळेना : माझा अनुभव

सॉफ्टवेअर लिहिणं सोपं, टेस्ट करणं त्याहून थोडं अवघड, आणि गिऱ्हाइकाकडून यूएटीच्या, म्हणजे त्याने स्वतः करायच्या शेवटच्या चाचणीच्या, कागदावर सही आणणं म्हणजे... असो. अजून राग गेलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले आहे.

आमची कंपनी सोलापुरातलीच, लहानशी. मी टेस्टिंग बघते. गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादरी-टॉवेलचा एक कारखाना. नाव सांगत नाही. त्यांना बिलिंग आणि स्टॉकचं नवीन सॉफ्टवेअर हवं होतं. माहिती घेणं, कोडिंग, युनिट टेस्ट (एकेका भागाची), आमची आतली सिस्टिम टेस्ट (सगळं जोडून), सगळं वेळेत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते शेवटच्या कागदावर.

यूएटी म्हणजे ज्याला रोज वापरायचं आहे त्यानेच चालवून बघायचं आणि 'हे माझ्या कामाचं आहे' असं लिहून द्यायचं. आम्ही आत जे तपासतो ते ठरल्याप्रमाणे बनलंय का, एवढंच. ठरलेलंच चुकीचं असेल तर ते फक्त यूएटीत कळतं. आणि आमचा शेवटचा हप्ता त्या सहीवर अवलंबून.

आधी ऐकलं, "सेठ मुंबईला गेलेत, आले की बघू की." मग गड्डा आला. सिद्धेश्वरांच्या यात्रेत कारखान्यातलं कुणी कॉम्प्युटरसमोर बसेल ही अपेक्षा माझीही नव्हती. पण यात्रा संपल्यावर अकाउंटचे काका एक टाइप केलेला मसुदाच घेऊन बसले होते. त्यावर लिहिलेलं : 'सदर सॉफ्टवेअरमध्ये एकही चूक नाही व यापुढेही निघणार नाही, याची कंपनी हमी देते.' काका म्हणाले, "हे तुमच्या लेटरहेडवर द्या, मग सही करतो."

मी म्हटलं, काका, असं जगात कुणीच लिहून देत नाही. ते म्हणाले, "मग ताई, तुम्ही एवढे दिवस टेस्ट काय केलं?"

प्रश्न चुकीचा नव्हता, त्यामुळे जास्त झोंबला. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. बिलाच्या एका स्क्रीनवर दहा रकाने धरा, प्रत्येकात फक्त पाच पर्याय. झाले ९७,६५,६२५ प्रकार. मिनिटाला एक तपासला तरी रात्रंदिवस बसून साडेअठरा वर्षं. डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकतज्ज्ञाने १९६९ सालीच सांगून ठेवलंय की टेस्टिंगने चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. काकांना डाइक्स्ट्राशी काही देणंघेणं नव्हतं. "ते असेल हो. पण सेठ मला विचारणार."

इथे पुढचे कितीतरी दिवस गेले. मी जायचं, चहा यायचा, मसुदा टेबलावरच. आमचे मालक फोनवर म्हणत होते, देऊन टाक लिहून, काय होतंय. मी दिलं नाही. उद्या एक बिल चुकलं की तोच कागद आमच्या तोंडावर फेकला असता.

शेवटी मी हमीवर बोलणंच सोडलं आणि काकांनाच माऊस दिला. म्हटलं, तुम्हाला जिथं शंका आहे ते बिल करा. चादरी-टॉवेलसारख्या मालावर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्याहून महाग नगाला १८ टक्के. काकांनी १२०० ची चादर घातली, ३००० ची घातली. बरोबर आलं. मी म्हटलं, तिथं नाही चुकायचं, कडेला चुकतं. २५०० घाला. पाच टक्के. २५०१ घाला. अठरा. मग २६०० ची चादर घेऊन बिलातच पाच टक्के सूट द्या. किंमत २४७० वर येते, म्हणजे कर पाचच टक्के लागायला हवा. सूट वजा करायच्या आधीच दर ठरवणारी सॉफ्टवेअरं असतात, आमचं तसं नव्हतं. काका पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

मग त्यांनी स्वतः जी केस काढली ती माझ्या यादीतसुद्धा घालण्यासारखी होती : "सप्टेंबरच्या वीस तारखेला विकलेली १२०० ची चादर ऑक्टोबरात परत आली तर?" तेव्हा १००० च्या वर १२ टक्के होता. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिल कमी केल्याचा कागद) मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी, आजच्या पाच टक्क्यांनी नाही. निघाली. माझाच जीव भांड्यात पडला, कारण आम्ही दर तारखेनुसार ठेवले होते खरे, पण परत आलेल्या मालाची नेमकी ही तारीख कुणी घालून बघितली नव्हती.

हे लिहिताना आठवलं : टेस्टसाठी 'एबीसी ट्रेडर्स' आणि 'टेस्ट १' असली गिऱ्हाइकं कधी घालू नका. समोरच्याला तो खेळ वाटतो. त्यांचीच खरी नावं मागून घ्या. सोलापुरात तेलुगू आडनाव, वडिलांचं नाव आणि पेढीचं नाव मिळून ओळ एवढी लांब होते की छापताना अर्धी कापली जाते, आणि ते फक्त त्यांच्याच प्रिंटरवर, त्यांच्याच छापील कागदावर कळतं.

तरीही सही नाही. मग काकांनीच तोडगा सांगितला, जो मी आधी सुचवायला हवा होता असं आमचे मालक अजून ऐकवतात : एका पूर्ण महिन्याची बिलं जुन्या आणि नव्या दोन्हीकडे चालवायची, महिनाअखेर बेरीज जुळली तर सही. चाललं. बेरीज आली आणि फरक निघाला. पैशांचा. रुपयांचाही नाही.

शोधत शोधत एका बिलावर पोचलो. ३३३ रुपयांच्या तीन ओळी. पाच टक्के जीएसटीतला केंद्राचा अर्धा वाटा, सीजीएसटी, अडीच टक्के. जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीचे ८.३३ करून तीन वेळा मिळवायचं, २४.९९. आमचं आधी तिन्ही ओळींची बेरीज करून त्यावर कर काढायचं आणि शेवटी एकदाच पैशात पूर्ण करायचं, २४.९८. राज्याच्या अर्ध्या वाट्यात, एसजीएसटीतही तेच, म्हणजे एका बिलात दोन पैसे. मी म्हटलं, काका, दोन पैसे. ते म्हणाले, "दोन पैसे का असेनात, माझं लेजर जुळत नाही." त्यांच्या सीएला फोन लावला, त्यांनी ओळीनिहाय ठेवा म्हणून सांगितलं, आम्ही बदललं. बदललं म्हणजे आधी पास झालेलं सगळं पुन्हा तपासणं आलं. सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवून तपासणाऱ्या टूलच्या) स्क्रिप्ट आधी लिहून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. संध्याकाळी लावल्या, सकाळी निकाल. हाताने करायचं असतं तर मी नोकरी सोडली असती.

हमीच्या मसुद्याच्या जागी मी दोन पानी कागद केला. काय काय तपासलं, काय तपासलं नाही, कोणत्या चुका अजून शिल्लक आहेत आणि त्या किती गंभीर, किती महिने दुरुस्ती फुकट. शिल्लक चुका स्वतःहून लिहिल्यावर काकांचा चेहरा सैल झाला. "हे दाखवता येतं सेठांना." सही केली. शिक्का मात्र सेठांच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली सेठांकडे. तो आणखी एक हेलपाटा.

बिल नंबरचं राहिलंच. जीएसटीत बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, तिरक्या रेघा आणि डॅश धरून. कारखान्याचं नाव, विभाग, आर्थिक वर्ष आणि पाच आकडी क्रमांक एवढं सगळं त्यात बसवायला गिऱ्हाईक बघतंच. पहिल्याच मीटिंगमध्ये मोजून दाखवा.

पुढच्या कामाच्या करारात मी एक ओळ घालून घेतली आहे : यूएटीसाठी दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मान्य समजलं जाईल. आमच्या मालकांना ती जरा कडक वाटते. राहू दे म्हटलं.