तिथी न बघता काढलेली सहल

गेटवेला आठला पोचायचं ठरलं होतं, पोचलो साडेदहाला. त्याची कारणं घरोघरी तीच असतात, त्यामुळे सांगत नाही. मांडव्याचं तिकीट काढून लाँचमध्ये वरच्या मजल्यावर जागा पटकावली, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज षष्ठी आहे ना गं?" मी मान डोलावली. मला खरं तर फक्त शनिवार ठाऊक होता. सासूबाईंचं माहेर अलिबागजवळच्या थळचं. अलिबाग त्यांच्या मालकीचं असल्यासारख्या त्या वागतात, आणि आम्हीही वागू देतो.

गेटवे ते मांडवा हा प्रवास तासाभराचा. मुंबईकराला परदेशी जाण्याची हौस इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठेही भागवता येत नाही. ताजचा घुमट मागे सरकतो, नांगर टाकून बसलेली मालवाहू जहाजं अंगावर येतात, डावीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन्स उंटांच्या रांगेसारख्या धुक्यात उभ्या असतात. जानेवारीचे दिवस, त्यामुळे कुरव पक्ष्यांचा थवा लाँचच्या मागे. लोक त्यांना कुरमुरे-वेफर्स भरवत होते. हा प्रकार मला आवडत नाही, पण माझ्या मुलानं माझ्या देखत अर्धं पाकीट संपवलं.

पाणी तळ्यासारखं होतं. हेच पाणी जून ते ऑगस्ट असं खवळतं की या लाँच बंदच ठेवाव्या लागतात. आपल्याला त्यात नवल वाटत नाही, पण जुन्या दर्यावर्दींचं सगळं विश्व या एका गोष्टीवर फिरत होतं. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, हिवाळ्यात ईशान्येकडून. इजिप्तहून निघणारी जहाजं जुलैच्या सुमाराला सुटत आणि इकडून डिसेंबर-जानेवारीत परत फिरत. मधले महिने काय करायचं? किनाऱ्यावर बसायचं. अरब खलाशांचा 'मौसिम' म्हणजे या ये-जा करण्याचा ठरावीक काळ. आपला मोसम तोच, आणि मॉन्सूनही त्याच शब्दाचा.

मांडव्याला उतरून चहा, मग बसची वाट, मग अलिबागला जेवण. कुलाबा किल्ल्यासमोर वाळूत उभे राहिलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येतं, मुलाला तेवढ्यासाठीच आणलं होतं. समोर वाट नव्हती, पाणी होतं. घोडागाडीवाल्यानंही नकारार्थी हात हलवला.

"षष्ठी म्हटलं होतं मी," सासूबाई म्हणाल्या.

मग वाळूत बसून त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी साडेदहाला वाट उघडी होती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. नवऱ्यानं मोबाइल काढून ताडून पाहिलं आणि गुपचूप खिशात ठेवला. माझ्याकडे हवामानाची दोन अॅप आहेत. दोन्ही मला "ऊन" एवढंच सांगत होती.

मुक्काम नागावला, एका वाडीतल्या घरगुती खोल्यांमध्ये. नारळी-पोफळीची सावली, विहिरीचं गार पाणी, पायाशी लोळणारं मांजर. किनारा पाच मिनिटांवर. दुपारभर मी काहीही केलं नाही, आणि हे काही न करणं मला चांगलं जमतं. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे अंगावर घेत पडून राहिले, पहाटे जाग आली तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे सुटले होते. शाळेत या दोन शब्दांच्या व्याख्या घोकल्या होत्या, त्या तीसेक वर्षांनी कळल्या. रात्री पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, बटाटे. मडकं उपडं करून भोवती जाळ. मडकं फोडल्यावर जो वास येतो त्याबद्दल लिहीत नाही, कारण ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सप्तमी. म्हणजे सव्वाअकराला ओहोटी, किल्ल्याची संधी. पण मला रेवदंडा बघायचा होता आणि दोन्ही जमणार नव्हतं. मुलाचा रुसवा पत्करून मिनीडोरनं चौलमार्गे निघालो.

चौल आज नारळाच्या बागा आणि देवळांचं निवांत गाव आहे. रस्त्यावरून जाताना पटणार नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याणबरोबर या बंदराचंही नाव येतं, 'सेमुल्ला' म्हणून. मुंबई सात बेटांत विखुरलेली होती तेव्हा चौलचा माल समुद्रापार जात होता.

आणि इथेच उतरला अफानासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहरचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून जहाजानं आला, वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी. सोबत विकायला एक घोडा होता. एकच घोडा! मला या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो तो यामुळेच. ना आरमार, ना राजाचं फर्मान. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला, तिथल्या खानानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदलला तर परत देईन म्हणाला. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीनं घोडा सुटला. पावसाळा त्यानं जुन्नरलाच काढला आणि चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल असल्याचं लिहून ठेवलं. जुलैत लोकलची वाट बघणाऱ्या कुणालाही हे वाक्य आपलं वाटेल. परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच तो वारला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. रविवारी शाळा बंद, त्यामुळे फाटकाच्या गजांतून जेवढा दिसला तेवढा पाहिला. मुलानं विचारलं, "घोड्याचं पुढे काय झालं?" घोडा निकितीननं पुढे विकला, एवढं सांगून मी वेळ मारून नेली.

रेवदंड्याचा किल्ला बघायला तिकीट लागत नाही, कारण गावच किल्ल्यात आहे. तटाच्या दरवाजातून रस्ता आत शिरतो, आत वाड्या, विहिरी, सायकली, आणि मध्येच पोर्तुगीज चर्चचे भग्न अवशेष. सातखणी मनोरा झाडांवरून डोकं काढून उभा आहे. वास्को द गामा १५२४ च्या सप्टेंबरात तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो व्हाइसरॉय म्हणून, आणि सूत्रं हाती घेतल्याचं त्यानं चौललाच जाहीर केलं. त्याच डिसेंबरात कोचीला तो वारला.

त्याच्या पहिल्या सफरीत मला नेहमी एक आकडा टोचतो. १४९८ साली आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून तिथल्या राजानं दिलेला वाटाड्या घेऊन तो निघाला आणि वाऱ्यावर स्वार होऊन २३ दिवसांत समुद्र ओलांडला. परत जाताना मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच किनारा सोडला. ईशान्येचे वारे अजून धड सुटले नव्हते. त्याच समुद्राला आता तीन महिने लागले, त्यात तीन दिवस तेवढे कमी. ताजं फळ-भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, तीसेक माणसं गेली, आणि उरलेल्यांना तिन्ही जहाजं हाकता येईनात म्हणून एक जाळून टाकावं लागलं. या किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तर तो थांबा म्हणाला असता. वाडीतून घेतलेले आवळे मी तोंडात टाकले.

कोर्लईकडे जायला कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. अकरा वाजून गेले होते. सासूबाईंच्या हिशेबाबरहुकूम पाणी ओसरलं होतं, चिखल उघडा पडला होता आणि मासेमारीच्या काठ्या पाण्यात तिरक्या उभ्या होत्या. मार्च १५०८ मध्ये याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी पोर्तुगिजांची लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज निसटताना मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं, आणि तो तिथेच मारला गेला. तोफांपेक्षा कोळ्यांच्या खांबांनी घात केला. नवरा पुलावर थांबून बराच वेळ त्या काठ्यांकडे बघत राहिला.

कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक घरात अजून एक पोर्तुगीज-मिश्र बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. मराठ्यांनी १७४० मध्ये हा मुलूख घेतला, पोर्तुगीज गेले, बोली राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास असतील. एका अंगणात दोन आजी बोलत होत्या, मी आगाऊपणे थबकले. एकीनं स्वच्छ मराठीत विचारलं, "पाणी हवं का?" मी ओशाळून हो म्हटलं. तिनं चावी लावून दार उघडलं, बादलीतून तांब्या भरून दिला. चावी, बादली, पाव, काजू, अननस, घमेलं हे शब्दही त्याच जहाजांतून उतरलेले. आपल्या आमटीतली मिरचीदेखील. अठराव्या शतकात जे उलटे गेले त्यांनी हे काही परत नेलं नाही.

मांडव्याला पाच मिनिटांनी लाँच चुकली. रविवारची गर्दी, पुढची पाऊण तासानं. मी धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या, घड्याळ पाहिलं, मुलावर उगाच ओरडले. सासूबाई पिशवीवर बसून बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"पुढच्या शनिवारी त्रयोदशी," त्या म्हणाल्या. "पावणेदहाला भरती, म्हणजे पावणेचारला ओहोटी. जेवून निघालात तरी किल्ला होईल."

पुढच्या शनिवारी मला ऑफिस होतं.