दाढ काढली, ठणका राहिला

लातूरच्या एका हृदयरोग दवाखान्यात मी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून कार्डिओग्राम काढण्याचे काम पाहते. मागच्या उन्हाळ्यात औशाकडचे ५८ वर्षांचे एक शेतकरी आले. झोपवून काढलेला त्यांचा कार्डिओग्राम निर्दोष होता आणि छातीत काही दुखत नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. तक्रार एवढीच, की जेवून शेताकडे निघाले की डाव्या जबड्यात ठणका लागतो आणि बांधावर टेकले की जातो. त्यापायी त्यांनी एक दाढही काढून घेतली होती.

मी इलेक्ट्रोड चिकटवत असताना त्यांनी विचारले, "ताई, मी दिवसभर चालतो, ह्यात आणखी काय कळणाराय?" प्रश्न रास्त होता. पण आमच्या सपाट काळ्या रानात चढ फारसा भेटत नाही. ब्रूस पद्धतीत, म्हणजे या चाचणीच्या ठरलेल्या क्रमात, मात्र पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढाने सुरू होतो, दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात, आणि अरुंद झालेली रक्तवाहिनी हृदयाची वाढती गरज भागवू शकत नसेल, तर विश्रांतीत झाकून राहिलेली ती तूट उघडी पडते.

पहिल्या टप्प्यात वरचा रक्तदाब १३० वरून १४८ झाला. श्रमात तो चढायलाच हवा. दुसऱ्या टप्प्यात नाडी ११८ वर होती, वयाच्या हिशेबाने १३८ गाठायची होती, तेवढ्यात त्यांनी एका हाताने दांडी आवळली आणि दुसरा गालाला लावला. "दाढ तर काढलीय, मग ठणकायलंय कशानं?"

पडद्यावर एसटीची रेषा, म्हणजे कार्डिओग्राममधल्या उंच टोकानंतरचा, हृदयाला रक्त कमी पडले की खाली घसरणारा भाग, दोन मिलिमीटर खाली जाऊन सपाट झाली होती. नुसती रेषा घसरली म्हणजे आजार असतोच असे नाही, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत अशी फसगत मी बरीच पाहिली आहे; पण इथे सोबत ठणका होता आणि रक्तदाब १२४ वर, म्हणजे सुरुवातीपेक्षाही खाली, आला होता. डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी सांगण्याआधीच मी पट्टा थांबवला. "अजून चालतो की," हे त्यांचे चालूच होते.

पलंगावर निजवल्यावर ठणका तीन मिनिटांत गेला, रेषा मात्र जागेवर यायला आठ मिनिटे लागली. चाचणी अर्धवट राहिली, ती पुन्हा करावी लागेल का, असे मुलाने काळजीने विचारले. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन त्याच दिवशी अँजिओग्राफीसाठी पाठवले. डावी मुख्य धमनी अरुंद निघाली आणि बायपास झाली. ठणका आता नाही. दाढेची जागा मात्र रिकामीच आहे.