गाळलेले शब्द

पोट भाषांतरावर चालतं. करारनामे, नोटिसा, नियमावल्या. दिवसभर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या नियमावलीत एक साधं वाक्य होतं: अमुक रकमेवरचा खर्च कार्यकारिणीच्या लेखी मंजुरीनेच करता येईल. मी लिहिलं, ‘मंजुरीने करता येईल’. ‘च’ राहून गेला. दोनदा तपासूनही राहिला. दीडेक वर्षानं त्यांच्या वकिलांचा फोन आला. “मॅडम, इंग्रजीत ‘ओन्ली’ आहे. तुमच्या मराठीत ते कुठं गेलं?” सचिवांनी परस्पर खर्च केला होता आणि वर म्हणत होते, मंजुरीनं करता येतो हे खरं, पण मंजुरीवाचून करता येत नाही असं कुठं लिहिलंय? पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही, मीही लाजेनं विचारलं नाही. पण तेव्हापासून खोड लागली. कागदात कुणाला अधिकार दिलेला दिसला, की आधी त्याच्या शेपटीला ‘च’ आहे का ते बघायचं.

याच खोडीपायी मी राज्यघटना वाचायला लागले. संघराज्याची घटना म्हणजे शेवटी वाटणीपत्रच. केंद्राकडे काय, घटक राज्यांकडे काय, आणि कुणीच कशाला हात लावायचा नाही. शिवाय केंद्राच्या वाट्यातही पुन्हा वाटणी: कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, तंटा सोडवणारे वेगळे. लोक उद्देशिका पाठ करतात. ती सुंदर असतेच, पण सत्तेला वेसण घालणारे शब्द तिथं सापडत नाहीत. ते ‘च्या अधीन राहून’, ‘काहीही असले तरी’, ‘परंतु’ अशा रुक्ष जागी दडलेले असतात. आणि कधी कधी तर शब्द कागदावर नसतोच. तो कुणीतरी गाळलेला असतो, आणि गाळला होता एवढ्यावरून खटल्याचा निकाल लागतो.

अमेरिकेचं उदाहरण मला फार आवडतं. आजच्या घटनेआधी तिथं राज्यांचा एक सैल संघ होता. त्याच्या करारात लिहिलं होतं, की जे अधिकार संघाला ‘स्पष्टपणे’ दिलेले नाहीत ते सगळे राज्यांकडे राहतील. संघ इतका दुबळा ठरला की त्याला धड कर वसूल करता येईना. मग नवी घटना आली. तिला नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या जोडायच्या होत्या, त्यात हेच कलम पुन्हा आलं, आजची दहावी दुरुस्ती. संघाला न दिलेले आणि राज्यांना मनाई नसलेले अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे. वाक्य जवळपास तेच, फक्त ‘स्पष्टपणे’ नाही. ऑगस्ट १७८९ मध्ये साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी टकर यांनी तो शब्द परत घाला असा आग्रह धरला. दुरुस्त्या मांडणारे मॅडिसन यांनी विरोध केला. मर्यादित अधिकारांच्या सरकारलाही काही अधिकार गर्भितार्थानं द्यावेच लागतात, बारीकसारीक प्रत्येक गोष्ट कुठवर लिहीत बसणार, असा त्यांचा मुद्दा. शब्द आला नाही.

तीस वर्षांनी त्या न आलेल्या शब्दाचा हिशेब झाला. केंद्रानं बँक काढली होती. घटनेत बँकेचा उल्लेखसुद्धा नाही. १८१८ साली मेरीलँड राज्यानं तिच्यावर कर बसवला, बाल्टिमोर शाखेचे कॅशियर मॅककलक यांनी तो भरला नाही, आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८१९ च्या निकालात सरन्यायाधीश मार्शल म्हणाले, जुन्या करारात ‘स्पष्टपणे’ होतं, दुरुस्तीत नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांनी त्या शब्दापायी झालेली अडचण भोगली होती. म्हणजे शब्द विसरला नव्हता, टाळला होता.

पण माझ्यासारखीला खरी मेजवानी आहे ती त्याच निकालातल्या दुसऱ्या शब्दात. आपले अधिकार अमलात आणायला ‘आवश्यक व उचित’ असे कायदे करायची मुभा घटना केंद्राला देते. आवश्यक म्हणजे किती आवश्यक? १७९१ मध्ये, केंद्राच्या याआधीच्या, पहिल्या बँकेच्या वेळी, परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं म्हणणं होतं, ज्यावाचून अडतं तेच आवश्यक, नुसती सोय म्हणजे गरज नव्हे. अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणत, उपयोगी पडतं तेही आवश्यकच. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी हॅमिल्टन यांचं ऐकलं. मार्शल यांनी काय केलं, तर घटना पुढे वाचली. त्याच दस्तऐवजात राज्यांना आयात-निर्यातीवर कर लावायला मनाई आहे, अपवाद फक्त तपासणीचे कायदे राबवायला ‘नितांत आवश्यक’ असेल तेवढ्याचा. एकाच कागदात एके ठिकाणी ‘आवश्यक’, दुसरीकडे ‘नितांत आवश्यक’. मग दोन्हींचा अर्थ एकच कसा असेल? मी हे वाचलं त्या दिवशी हातातलं भाषांतर थांबवून मागची चाळीस पानं तपासली. शब्द सारखासारखा येतो म्हणून कंटाळून मी एकदा ‘गरजेचे’, एकदा ‘आवश्यक’ असं लिहीत होते. शाळेत निबंधाला मार्क मिळतात अशा लिखाणाला. कायद्यात त्यातून दोन वेगळे अर्थ जन्माला येतात.

मार्शल बरोबर होते का? निम्मे, असं माझं मत. ‘स्पष्टपणे’ गाळल्यानं केंद्राला हातपाय हलवता आले हे खरं. पण ज्याला गर्भित अधिकार एकदा मिळाला, तो कुठे थांबणार हे मग शब्द सांगत नाही, न्यायाधीश सांगतो. जेफरसन यांची धास्ती अगदीच पोकळ नव्हती.

गाळलेला शब्द दर वेळी सरकारच्याच बाजूनं साक्ष देतो असंही नाही. ८ एप्रिल १९५२ रोजी, कोरियात युद्ध चालू असताना, अध्यक्ष ट्रुमन यांनी देशातल्या पोलाद गिरण्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. संप तोंडावर आला होता, पोलादाविना सैन्याचं काय, हा युक्तिवाद. न्यायालयानं २ जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी निकालात एक जुनी गोष्ट काढली: १९४७ मध्ये कामगार कायदा करताना असे कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा अशी दुरुस्ती काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या कायदेमंडळापुढे, आली होती आणि काँग्रेसनं ती फेटाळली होती. कायदेमंडळानं जे नाकारलं, ते अध्यक्षांनी सहीनिशी स्वतःला देऊन टाकलं होतं. ट्रुमन चिडले, पण गिरण्या परत केल्या. संप झालाच, पन्नासहून अधिक दिवस चालला.

शब्द ठसठशीत लिहून ठेवला तरी काम होतंच असं नाही, हे ऑस्ट्रेलियाला विचारावं. तिथल्या घटनेचं कलम ९२ सांगतं, राज्याराज्यांतला व्यापार ‘संपूर्णपणे मुक्त’ असेल. यापरता ठाम शब्द कुठला? त्यावर ऐंशीहून अधिक वर्षं, शंभरावर खटले झाले. शेवटी १९८८ मध्ये तंटा आला तो चिंगाट्यांचा: साउथ ऑस्ट्रेलियात कायदेशीर असलेले, पण टास्मानियाच्या मापात न बसणारे, लहान. न्यायालय म्हणालं, ‘मुक्त’ म्हणजे बाहेरच्यांना अडवून घरच्यांची धन करणाऱ्या भेदभावापासून मुक्त, सगळ्याच नियमांपासून नव्हे. टास्मानियाचा नियम टिकला. ‘संपूर्णपणे’ बिचारा होता तिथेच आहे.

आपल्याकडे हा खेळ अनुच्छेद ३५६ मध्ये झाला. घटनेनुसार राज्याचा कारभार चालवता येत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री पटली, तर केंद्र त्या राज्याचा कारभार हाती घेतं. ‘खात्री’ हा भाषांतरात सरळ जाणारा शब्द, पण कुणाची, कशावरून, आणि ती तपासायची कुणी? १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीनं तिथं एक खंड जोडला: ही खात्री अंतिम, तिला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो काढून टाकला. कागद पुन्हा होता तसा झाला. दिसायला.

मग कर्नाटकात एप्रिल १९८९. एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे गेली, त्यातल्या काहींनी लगेच माघारही घेतली. मुख्यमंत्री बोम्मई म्हणत होते, विधानसभा बोलवा, बहुमत तिथं दाखवतो. विधानसभा बोलावली गेली नाही, सरकार गेलं. ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला: बहुमताचा निवाडा सभागृहात व्हायचा, दोन्ही सभागृहं घोषणेला मान्यता देईपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही, आणि खात्री कोणत्या सामग्रीवर पटली ती न्यायालय मागू शकतं. तपासणीला मज्जाव करणारा तो खंड काढून टाकला गेला होता, याची नोंद या निकालात घेतलेली आहे. तीन-चार वर्षं असलेल्या आणि मग पुसलेल्या ओळीनं असा अर्थ मागे ठेवला. बोम्मईंना त्याचा उपयोग झाला नाही; निकाल आला तोवर तिथली निवडणूक केव्हाच होऊन गेली होती.

याच अनुच्छेदात राज्यपालांच्या अहवालाचा उल्लेख आहे आणि त्यापुढे दोन शब्द: ‘किंवा अन्यथा’. म्हणजे अहवाल नसला तरी चालेल. घटना समितीत १९४९ च्या ऑगस्टमध्ये हरि विष्णू कामथ यांनी हे शब्द गाळा म्हणून परोपरीनं सांगितलं. डॉ. आंबेडकरांनी ते ठेवले, आणि हा अनुच्छेद वापरायची वेळ येऊ नये, तो कागदावरच पडून राहावा, अशी आशा बोलून दाखवली. वेळ शंभराहून जास्त वेळा आली. ते दोन शब्द अजून जागेवर आहेत.