पॅड अजून नवे, ऑइल मात्र जुनं

इलेक्ट्रिक व्हॅनवाले बरेच जण मला कौतुकाने आपले ब्रेक पॅड दाखवतात. इतकी वर्षं माल वाहिला तरी पॅड जवळजवळ होते तसेच आहेत, म्हणजे ब्रेककडे बघायची गरजच काय, असा त्यांचा हिशोब असतो. पॅडपुरतं ते अगदी खरं आहे. रोजचं बहुतेक थांबणं मोटरच करते. पॅड डिस्कला टेकतात ते शेवटच्या थोड्या वेगात, नाहीतर कुणीतरी अचानक आडवं आलं तर. ब्रेक ऑइल मात्र गाडी चालली काय आणि उभी राहिली काय, आपलं जुनं होतच राहतं.

मी स्वतः मालवाहू इलेक्ट्रिक व्हॅन चालवते आणि तिचं जमेल तेवढं काम घरीच करते. त्यातलं दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं हे काम मी कधीच पुढे ढकलत नाही. बहुतेक कंपन्या साधारण हीच मुदत देतात. डिझेल गाडीपेक्षा इलेक्ट्रिकला ही मुदत जास्त काटेकोरपणे पाळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

ग्लायकॉल जातीचं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१, हवेतला ओलावा ओढून घेतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, तिथून घेतं. कॅलिपर म्हणजे चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारा भाग, त्याच्याजवळच्या रबरी होजमधूनही ओलावा हळूहळू आत झिरपतो. हे पाणी ऑइलमध्ये पूर्ण मिसळतं आणि उत्कलनबिंदू खाली आणतं. डॉट ४ साठी मानकाने ठरवलेली उत्कलनबिंदूची किमान मर्यादा ताज्या ऑइलला २३० अंश सेल्सिअस आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ मध्ये हे आकडे २०५ आणि १४० आहेत. कॅलिपरमधलं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखाली निसटून जातं. थोड्या वेळाने सगळं थंड होतं, पेडल पुन्हा घट्ट लागतं आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत दोष सापडत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. इंजिन ऑइल इंजिनभर फिरतं तसं ब्रेक ऑइल फिरत नाही. कॅलिपरमधलं ऑइल तिथेच पडून असतं, आणि सगळ्यात जास्त तापणारी जागाही नेमकी तीच. त्यामुळे टाकीतलं जुनं काढून नवं ओतलं की झालं, असं करणाऱ्यांचं नवं ऑइल जिथे गरज आहे तिथे पोचतच नाही.

आता इलेक्ट्रिक व्हॅनचा खरा धोका सांगते. मोटरने गाडी थांबवताना वीज तयार होऊन बॅटरीत जाते, त्याला रीजन म्हणतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागाच नसते. बॅटरी फार थंड असतानाही ती जोरात चार्जिंग घेत नाही. अशा वेळी गाडी रीजन कमी करते किंवा बंद करते आणि सगळा भार डिस्कवर येतो. साडेतीन टनांची भरलेली व्हॅन ५०० मीटर उंचीवरून खाली उतरवायची म्हणजे सुमारे ४.८ किलोवॅट-तास ऊर्जा कुठेतरी जिरवायची. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, उरलेली एरवी बॅटरीत जाते. वरच्या टोकाला रात्रभर १०० टक्के चार्ज करून सकाळी माल भरून उताराला लागलात, तर तीच ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. महिनोनमहिने नुसते बसून असलेले ब्रेक, त्यात जुनं, पाणी प्यायलेलं ऑइल, आणि पहिल्याच दिवशी एवढं काम! उतारावरून निघायचं असेल तर मी ८० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवते. तुम्हीही थांबवा.

यावर कुणी म्हणेल, ऑइल खराब झालं तर काहीतरी खूण दिसेलच की. डिझेल गाडीत पॅड झिजतात तसतसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी उतरते, म्हणून कधीतरी कुणीतरी बॉनेट उघडून तिकडे बघतं. इलेक्ट्रिकमध्ये पॅडच फारसे झिजत नाहीत, त्यामुळे पातळी वर्षानुवर्षं वरच्या रेघेवर राहते आणि सगळं छान आहे असं वाटतं. पेडल मऊ लागणं ही दुसरी खूण. पण नव्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर, ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर आणि चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस एकाच खोक्यात असतात, आणि पायाला लागणारा जोर आतल्या स्प्रिंगचा आणि रबराचा असतो. चाकाकडच्या ऑइलची अवस्था तिथे पायाला नीट कळतच नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका, काळं पडलेलं ऑइल कधी ठीक निघतं आणि स्वच्छ पिवळं दिसणारं पाण्याने भरलेलं असतं. दिवे लागणारे पेनसारखे टेस्टर मिळतात, ते विजेच्या वहनावरून अंदाज सांगतात. त्यातही मी टाकीतलं ऑइल तपासून कॅलिपरमधल्या ऑइलचा निकाल लावणार नाही. म्हणून तारीख बघून बदलायचं.

कोणतं ऑइल घालायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं. बऱ्याच नव्या गाड्या पातळ जातीचं डॉट ४ मागतात, त्याला क्लास ६ म्हणतात. एबीएस आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या बारीक झडपांतून ते थंडीतही पटकन सरकतं. तिथे साधं डॉट ४ घालून पैसे वाचवू नयेत. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या यंत्रणेत अजिबात चालत नाही. ते पाणी मिसळून घेत नाही, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने खालच्या भागात साचतं आणि तिथेच गंज धरतो. बाटली सीलबंदच हवी. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली बाटली मी ब्रेकमध्ये घालत नाही.

काम सुरू करण्याआधी गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल वाचा, हे मी आग्रहाने सांगते. इलेक्ट्रिक बूस्टरच्या गाड्यांत काही ठिकाणी पेडलला पाय लावला, काही ठिकाणी तर नुसतं ड्रायव्हरचं दार उघडलं, तरी यंत्रणा जागी होते आणि पंप दाब तयार करतो. काहींत गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय निपलला, म्हणजे चाकाजवळ ऑइल काढायच्या स्क्रूला, हात लावायचा नसतो. तुमची गाडी त्यातली असेल आणि स्कॅनर नसेल, तर हे काम घरी करूच नका. माझ्या व्हॅनला दोघांनी मिळून पेडल दाबून ऑइल काढायची पद्धत चालते, गाडी पूर्ण बंद ठेवून.

जागा सपाट, चाकांना लाकडी ठोकळे, चावी गाडीपासून लांब. जॅक आणि घोड्या फक्त नेमून दिलेल्या जागीच लावायच्या, कारण तळाला बॅटरी पसरलेली असते आणि तिच्या कवचावर जॅक टेकला तर नुकसान ब्रेकच्या कामापेक्षा कितीतरी मोठं होतं. उच्च दाबाच्या नारिंगी वायरींजवळ हात नाही, हत्यारही नाही.

झाकणाभोवतीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसते, मग उघडते. टाकीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून नवं भरते. निपलचं काम मात्र आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. हे ब्रेक कधी नीट तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा ओलावा वाळत नाही आणि निपल गंजून बसतात. तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, बाहेरून गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मारायचा आणि सकाळी पुसून टाकायचा. त्याचा थेंब आत जाता कामा नये, खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. पाना सहा कोनी रिंगचाच घ्यायचा, निपल पोकळ असतो आणि डोकं गोल झालं की कॅलिपर काढायची पाळी येते.

आमच्याकडे पेडलवर भाचा बसतो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या मागच्या चाकापासून मी सुरुवात करते (काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो). निपलवर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत, आणि बाटलीत टोक बुडेल इतकं ऑइल आधीच.

“दाब आणि धरून ठेव.”

“धरलं, मावशी.”

पाव आटा उघडते. नळीतून काळपट तपकिरी ऑइल सरकतं, सोबत एखादा बारीक बुडबुडा.

“पेडल खाली गेलं. सोडू का?”

“थांब. मी बंद म्हटल्याशिवाय पाय उचलू नकोस.” निपल आवळते. “बंद. आता सोड, सावकाश.”

हा क्रम चुकला, निपल उघडा असताना पाय उचलला गेला, तर हवा आत ओढली जाते. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळाही ठेवते. मास्टर सिलिंडरच्या आत रोजच्या वापरात पिस्टन पोचत नाही असा भाग असतो, तिथे गंज धरलेला असू शकतो. पेडल पार तळाला नेलं तर रबरी सील त्या गंजावरून घासत जातं आणि चांगला सिलिंडर गळायला लागतो.

दर चार-पाच दाबांनी टाकी बघायची. ती रिकामी झाली आणि हवा एबीएसच्या खोक्यात शिरली, तर बहुतेक गाड्यांत ती स्कॅनरशिवाय बाहेर काढणं मुश्कील असतं. नळीतून नवं, फिकट, एकसारखं ऑइल येऊ लागलं की त्यानंतरही थोडं जाऊ देते, मग पुढचं चाक. निपल बेताने आवळायचा, रबरी टोपी परत बसवायची आणि सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, रंगावर राहिलं तर रंग उचलतो. एकट्याने करायचं असेल तर टाकीवर लावायचा दाबाचा पंप मिळतो, एक बारच्या आसपास दाब पुरतो. निघालेलं ऑइल मी इंजिन ऑइलमध्ये मिसळत नाही आणि गटारात तर कधीच ओतत नाही. धोकादायक कचरा जिथे घेतात तिथे वेगळ्या बाटलीत नेऊन देते.

चाक निघालेलंच असतं तेव्हा कॅलिपर हाताने हलवून बघा. तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन अडकलेल्या असतील तर आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा नवाच राहतो. इलेक्ट्रिक गाड्यांत हे फार दिसतं. पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं. डिस्कच्या कडेला गंज चालतो, पण जिथे पॅड घासतो त्या पट्ट्यावर खड्डे पडले असतील तर डिस्क बदलायची. फोक्सवॅगनने आयडी.३ ला मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले आहेत आणि मला तो निर्णय पटतो, कमी वापराच्या ब्रेकला ऊनपाऊस लागत नाही.

शेवटची चाचणी लोक अर्धवट करतात. ऑइल बदलून झालं, रस्त्यावर एक फेरी मारली, गाडी छान थांबली. पण ती थांबवली कुणी, ब्रेकने की मोटरने? म्हणून मी आधी गाडी उभी असतानाच पेडल जोरात अर्धा मिनिट दाबून ठेवते, ते खाली सरकत नाही ना बघते आणि चारही निपल कोरडे आहेत ना तपासते. मग मोकळ्या जागेत रीजन सगळ्यात कमी करून, सावकाश वेगात, रिकामी गाडी काही वेळा थांबवते. गाडी एका बाजूला ओढली गेली किंवा डॅशवर ब्रेकचा दिवा लागला, तर ती तिथेच उभी करायची. सगळं ठीक असेल तर टाकीजवळ चिकटपट्टी लावून तिच्यावर महिना, वर्ष आणि ऑइलची जात लिहायची, आणि मगच माल भरायचा.