तीन गणितं सोडवून वही मिटणारी मुलगी

लेक दुसरीत असताना तिच्या वहीवर शेरा आला : ‘अभ्यास अपुरा. वर्गात लक्ष नसते.’ वीस गुणाकार दिले होते, तिने तीन केले होते.

मी तिला समोर बसवलं, जरा रागावूनच. उरलेली सतरा का नाही केलीस, असं विचारल्यावर म्हणाली, “ती सगळी सारखीच आहेत गं. पण हे बघ ना.” आणि वहीचं मागचं पान उघडलं. तिथे नऊचा पाढा होता आणि प्रत्येक संख्येपुढे तिच्या आकड्यांची बेरीज. १८, २७, ३६, सगळीकडे ९. शेजारी आठचा पाढा होता. त्यात बेरीज ८, ७, ६, ५, ४ अशी उतरत गेली होती आणि ४८ पाशी एकदम १२ झाली होती. त्या १२ भोवती तिने दोनदा गोल केला होता. “नऊ मिळवायचे म्हणजे दहा द्यायचे आणि एक परत घ्यायचा. म्हणून डावीकडचा एकने चढतो, उजवीकडचा एकने उतरतो. बेरीज हलणारच नाही! आठमध्ये मात्र दोन परत घ्यावे लागतात.”

मी ते ऐकलं, आणि तरी तिला सतरा गणितं पूर्ण करायला लावली. ती रडत रडत पूर्ण करत होती. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तोवर माझ्या मनात हुशार मुलाचं चित्र ठरलेलं होतं : पहिला नंबर, सुंदर अक्षर, शहाणं वागणं. आमची मुलगी त्यात कुठेच बसत नव्हती. चार वर्षांची असताना आपली आपण वाचायला लागली, याचं कौतुक झालं, पण बाकीचं आम्ही हट्टीपणाच्या खात्यात टाकलं. मोज्याची शिवण टोचते म्हणून रोज सकाळी रडायची. चित्रातली एक रेघ चुकली की अख्खा कागद फाडायची. खेळात कुणी कुणाला फसवलं तर फसलेलं मूल विसरून जायचं, ही मात्र रात्री अंथरुणात त्यावर बोलत राहायची. बरोबरीच्या मुलांपेक्षा मोठ्यांत रमायची. आपण मेल्यावर आपले विचार कुठे जातात, हे तिने पाचव्या वर्षी विचारलं होतं, आणि ‘झोप आता’ हे उत्तर तिला पटलं नव्हतं.

शेवटी आम्ही बाल-मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो ते ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार घेऊन. पहिली भेट फक्त आम्हा आईवडिलांची, दीड तास चालली. त्यांनी गुणांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती बोलायला कधी लागली? हरल्यावर काय करते? एखाद्या विषयाने झपाटली तर किती दिवस? लक्ष कुठे लागत नाही, आणि कुठे लागलं की हाक मारलेली ऐकू येत नाही? हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला, कारण त्याचं उत्तर मला लगेच देता आलं.

मग नजर आणि कान तपासून घेतले, वर्गशिक्षिकेंकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि दोन वेगवेगळ्या सकाळी वेक्सलरची बुद्धिमापन चाचणी झाली. ही ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी असते. आधी सराव करून घेऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. मी फक्त एवढंच सांगितलं की तिथे कोडी असतील, काही येतील, काही येणार नाहीत.

अहवालात मी आधी एकच आकडा शोधला, बुद्ध्यंकाचा, हे कबूल करते. सरासरी १००, आणि १३० च्या वर शंभरातली जेमतेम दोन मुलं. आमची त्या दोनांत होती. बाईंनी मात्र कागद माझ्या हातून घेतला आणि बोट खाली नेलं. भाषेची समज आणि तर्क खूप वर, तर कामाचा वेग जेमतेम सरासरी. तिचं डोकं पळत होतं आणि पेन्सिल मागे राहत होती. सगळ्या बाजूंनी सारखं पुढे असलेलं मूल क्वचितच दिसतं, असं त्या म्हणाल्या. विचार दहा वर्षांच्या मुलीचे, हात सात वर्षांच्या मुलीचा आणि थकली की रडणं पाच वर्षांच्या मुलीचं, हे एकाच देहात असू शकतं.

आकड्याला चिकटू नका, हे सांगताना त्यांनी मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत बुद्ध्यंक बघून हजारावर मुलं दीर्घ अभ्यासासाठी निवडायला सुरुवात केली. तेव्हा तपासलेल्या पण निवड न झालेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. पुढे एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. चाचणीत खूप वर आलेलं मूल नक्कीच वेगळं असतं, पण न आलेलं मूल तसं नाही असं म्हणता येत नाही. म्हणून असं मूल कसं ओळखायचं, हे कुणी विचारलं तर मी आधी मूल काय विचारतं ते आठवडाभर लिहून काढा, असं सांगते. मुलींच्या बाबतीत तर जास्तच, कारण मैत्रिणींत वेगळं दिसू नये म्हणून त्या कधीकधी येत असलेलंही लपवतात. आमचीने वर्गात हात वर करणं कधीच सोडून दिलं होतं, हे आम्हाला प्रश्नावलीतून कळलं.

वर्गशिक्षिकेंशी पुन्हा बोललो. आता पहिली पाच गणितं बरोबर आली की बाकीची माफ, उरलेल्या वेळात तिने स्वतःचा प्रश्न घ्यायचा. अक्षर अजून तसंच आहे. लांबलचक उत्तरं कधीकधी ती तोंडी सांगते. कागद फाडणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

मोजे आम्ही उलटे घालतो, शिवण बाहेर.