खाली बसवलेल्या पिकअपचे रूप

माझ्या जुन्या पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आधीच्या मालकाने खाली करून घेतले होते, त्यामुळे ती जमिनीला टेकल्यासारखी दिसते आणि म्हणूनच तिच्या बाहेरील रूपाचा विचार उंच गाडीपेक्षा वेगळा करावा लागतो. पुढचा लोखंडी गार्ड मी सर्वांत आधी काढून टाकला. अशा गार्डविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होतेच, शिवाय त्या जड नळ्यांमुळे गाडीची लांब, आडवी रेषा मध्येच तुटत होती.

रंग मात्र मूळचाच, पांढरा ठेवला. रंग बदलल्यास नोंदणी पुस्तकातही बदल करून घ्यावा लागतो हे एक कारण. दुसरे, आणि माझ्या दृष्टीने मोठे, म्हणजे मे महिन्यात 45 अंशांवर जाणारे नागपूरचे ऊन, ज्यात काळा पत्रा हात लावू देत नाही.

खरी मेहनत मागच्या फाळक्यावर झाली. जुन्या पोच्यांवरची पुट्टी वाळल्यावर कारागिराने डोळे मिटून तळहात फिरवला आणि मला काहीच दिसत नसलेल्या जागी पेन्सिलीने खूण केली. तिथे पुन्हा घासले, प्रायमर मारला, त्यावर पांढरा रंग दिला, 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी टाकून हात फिरवला आणि शेवटी पॉलिश करून चमक आणली. संध्याकाळी वर्धा रोडवरच्या दिव्यांची रांग त्या फाळक्यात न मोडता, सरळ उमटली.