पोस्सान्यो: कॅनोव्हाच्या गावात, खिळे ठोकलेल्या पुतळ्यांमध्ये

शिल्पकार आंतोनियो कॅनोव्हा बघायचा म्हणजे लोक रोमला जातात, आणि जायलाच हवं, कारण बोर्गेसे गॅलरीतली पाओलिना बघितल्याशिवाय हा माणूस काय करू शकत होता ते कळतच नाही. पाओलिना म्हणजे नेपोलियनची सख्खी बहीण, तिच्या नवऱ्याने, कामिलो बोर्गेसेने हे काम कॅनोव्हाला दिलं, १८०४ ते १८०८ चार वर्षं चाललं. ती एका कोचावर रेलून बसलीये, हातात सफरचंद, म्हणजे सौंदर्याची स्पर्धा जिंकलेली व्हीनस. गॅलरीत दोन तासांचाच स्लॉट मिळतो, बर्निनी आहे, कारावाज्जो आहे, सगळं बघायचं असतं, पण मी आणि ताई त्या गादीपाशीच अडकून पडलो, तिच्या वजनाने गादी जिथे दबलीये तिथे बारीक सुरकुत्या पडल्यात, उशीचा काठ किंचित वर आलाय, आणि हे सगळं दगडात! खालच्या लाकडी बैठकीत पूर्वी पुतळा हळूहळू फिरवायची यंत्रणा होती, आणि रात्री मशाली-मेणबत्त्यांच्या उजेडात तो बघायची पद्धत होती.

पण रोममध्ये सगळं तयार झालेलं दिसतं, गुळगुळीत, चमकदार. ते केलं कसं हे बघायचं असेल तर उत्तरेला व्हेनेतोमध्ये, मोन्ते ग्राप्पा डोंगराच्या पायथ्याशी पोस्सान्यो म्हणून एक छोटं गाव आहे तिथे जायला हवं. मी तर म्हणेन, इटलीत शिल्पकलेसाठी एकच जास्तीचा दिवस काढता येत असेल तर तो इथे घालवा.

आम्ही व्हेनिसहून गेलो. व्हेनिसमध्ये आधी कोर्रेर म्युझियममध्ये त्याचे ग्रीक पुराणातले डेडेलस आणि इकारस हे बाप-लेक बघून घेतले, १७७७ ते १७७९ मधलं काम, म्हणजे तेव्हा तो विशी-बाविशीतला पोरगा होता. म्हातारा बाप पोराच्या खांद्याला पंख बांधतोय, बापाच्या कपाळावर काळजी, पोरगा मात्र पंखाकडे बघून हरखलेला. आणि पायाशी छिन्नी-हातोडा ठेवलेला. ज्या मुलाचा बाप तो तीन-चार वर्षांचा असताना गेला त्याने हे केलंय हे डोक्यात आलं आणि मला तिथून हलवेना.

मग ट्रेनने बास्सानो देल ग्राप्पा आणि तिथून बस. रविवारी बस कमी असतात, आणि सोमवारी म्युझियम बंद असतं, हे आधी बघून निघा. रस्ता फार सुंदर आहे, टेकड्या, द्राक्षांचे मळे, आणि मागे सतत तो ग्राप्पा. ही माहिती एवढीच, कारण मला म्युझियमबद्दल बोलायचंय.

कॅनोव्हा इथेच जन्मला, १ नोव्हेंबर १७५७ ला. घराणं पाथरवटाचं. वडील पिएत्रो गेल्यावर आईने दुसरं लग्न केलं आणि ती शेजारच्या क्रेस्पानो गावी गेली, मुलगा राहिला आजोबांकडे, पासिनो कॅनोव्हांकडे, तेही दगडकामातलेच. छिन्नी धरायला त्यांनीच शिकवली. मग जोव्हान्नी फालिएर नावाच्या व्हेनिसच्या सरदाराचं लक्ष गेलं आणि पोराला एका शिल्पकाराच्या हाताखाली ठेवलं, तिथून व्हेनिस, तिथून रोम. जन्मघर अजून आहे, आत त्याची हत्यारं आहेत, त्याने काढलेली चित्रंही आहेत, नाचणाऱ्या मुलींची. चित्रं गोड आहेत, पण त्याचा जीव दगडात होता हे त्या चित्रांकडे बघूनच जास्त कळतं.

घराला लागून जिप्सोतेका, म्हणजे त्याच्या प्लास्टरच्या पुतळ्यांचं म्युझियम. १८२२ ला कॅनोव्हा व्हेनिसमध्ये वारला, त्यानंतर त्याच्या सावत्र भावाने, बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता सार्तोरीने, रोमच्या स्टुडिओतलं सगळं सामान उचलून इथे गावात आणलं आणि त्यासाठी १८३० च्या दशकात ही इमारत बांधून घेतली. आत पाऊल टाकलं की उंच कमानीखाली दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र, खऱ्या आकाराचे, काही तर खऱ्या माणसाच्या दुप्पट पुतळे उभे. हर्क्युलीस एका पोराला पाय आणि केसांना धरून भिरकावतोय, तो तर एवढा थोरला आहे की त्याच्याखाली उभं राहिलं की आपसूक मान मागे जाते.

ताई जवळ गेली आणि म्हणाली, "अगं, हे अंगभर काळे ठिपके कसले गं?"

मोहरीएवढे ठिपके. गालावर, गुडघ्यावर, बोटांच्या पेरांवर, कपड्याच्या प्रत्येक घडीवर. ते खिळे आहेत, प्लास्टरमध्ये ठोकलेले धातूचे बारीक खिळे, आणि अख्खं गुपित त्यांच्यातच आहे. कॅनोव्हा आधी हाताएवढं मातीचं मॉडेल करायचा, पटापट, बोटांचे ठसे राहिले तर राहिले (ती मॉडेल्स पण इथे आहेत आणि ती बघताना हा तोच थंड, शांत कॅनोव्हा का असा प्रश्न पडतो, इतका त्यांच्यात जोर आहे). मग लोखंडी सांगाड्यावर पूर्ण आकाराची मूर्ती मातीत, मग त्याचा साचा, साच्यातून प्लास्टर. या प्लास्टरवर महत्त्वाच्या जागी खिळे ठोकायचे, ओळंबे आणि मोठे कंपास लावून प्रत्येक खिळ्याचं अंतर-खोली मोजायची आणि तोच बिंदू संगमरवराच्या ठोकळ्यात जिथे येईल तिथपर्यंत दगड काढायचा. हे काम मदतनीस करायचे. तेव्हा दगडात मूर्ती जवळपास पूर्ण दिसायला लागायची आणि मग शेवटचा हात मास्तरांचा. त्वचा, केस, ओठांच्या कडा, सगळं तोच करायचा, संध्याकाळी मेणबत्ती हातात घेऊन, कारण तिरक्या उजेडात बारीकसा उंचवटाही लपत नाही. म्हणून "मदतनीसांकडून करून घ्यायचा" असं जे कोणी म्हणतं ते मला अजिबात पटत नाही. रोमला बघितलेली पाओलिनाची पाठ आणि इथली प्लास्टरची पाठ, आकार तोच, माप तेच, पण इथे ती आकृती आहे आणि तिथे ती जिवंत बाई आहे, मधलं जे काही आहे ते त्या शेवटच्या हाताचं.

पद्धतीचा आणखी एक फायदा, प्लास्टर हाताशी असलं की तेच शिल्प पुन्हा करता यायचं. 'थ्री ग्रेसेस', म्हणजे तीन देवींचं शिल्प, आधी जोसेफिनसाठी, नेपोलियनच्या पहिल्या बायकोसाठी केलं, ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे, आणि मग ड्यूक ऑफ बेडफोर्डने स्वतःसाठी दुसरं मागितलं ते ब्रिटनमध्ये.

इथल्या ग्रेसेस ज्या भागात आहेत तो १९५५-५७ मध्ये कार्लो स्कार्पा या आर्किटेक्टने वाढवलेला. पांढऱ्या प्लास्टरला मागे पांढऱ्याच भिंती, ऐकायला वेडेपणा वाटतो पण त्याने खोलीचे वरचे कोपरे कापून तिथे काचेचे चौकोन बसवलेत, तिथून उजेड असा उतरतो की पुतळ्यांवर सावल्या पडून एकेक वळण वेगळं दिसतं, मध्येच ढग आला तर अख्खी खोली बदलते. टोकाला काचेची भिंत, बाहेर पाण्याचं छोटं तळं आणि काचेच्या अलीकडे त्या तिघीजणी. आम्ही तिथे किती वेळ होतो देव जाणे.

पाओलिनाचं प्लास्टर पण इथेच आहे. २०२० च्या उन्हाळ्यात एक पर्यटक फोटो काढायला तिच्या पायाशी टेकला आणि तिच्या पायाची बोटं तुटली. राग येतो, पण या पुतळ्यांनी याहून फार वाईट बघितलंय. पहिल्या महायुद्धात कापोरेत्तोला इटलीचा पराभव झाल्यानंतर फ्रंट थेट ग्राप्पावर आला, आणि १९१७ च्या शेवटी तोफगोळा या इमारतीवर पडला. डोकी गेली, हात गेले, काही पुतळ्यांचे तर नुसते तुकडे राहिले. नंतर सेराफिन बाप-लेकांनी वर्षानुवर्षं बसून ते सांधले, पण सगळं परत आलं नाही, काही जखमा तशाच आहेत.

ते बघताना मला एक गोष्ट आठवत राहिली. पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक देवळाची शिल्पं अथेन्सहून काढून आणणाऱ्या लॉर्ड एल्गिनने १८०३ मध्ये कॅनोव्हालाच विचारलं होतं की याचे तुटलेले हात-पाय नवे बसवून देता का. युरोपातला सगळ्यात मोठा शिल्पकार, नाव झालं असतं, पैसाही मिळाला असता. त्याने साफ नकार दिला, यांना हात लावणं म्हणजे पाप, असं त्याचं मत. मला कॅनोव्हा सगळ्यात जास्त इथे आवडतो. आणि १८१५ मध्ये नेपोलियन हरल्यावर पोपने त्याला पॅरिसला पाठवलं, लुटून नेलेली शिल्पं-चित्रं परत आणायला, ज्या घराण्याचे पुतळे त्यानेच घडवले होते त्याच घराण्याने केलेली लूट! लाओकून आणि अपोलो बेल्व्हेडेर हे प्राचीन पुतळे परत रोमला आले. अपोलोच्या रिकाम्या जागी व्हॅटिकनने मधल्या काळात कॅनोव्हाचाच पर्सियस ठेवला होता, आता दोघं एकाच अंगणात आहेत. या कामाबद्दल पोपने मार्किस ही पदवी आणि वर्षाला तीन हजार स्कूदी (तेव्हाचं तिथलं चलन) दिले, ते पैसे त्याने कलाकारांच्या मदतीसाठी लावून टाकले.

म्युझियममधून बाहेर आलं की सरळ चढाचा रस्ता वर देवळाकडे, म्हणजे चर्चकडे जातो. तेही त्यानेच गावाला दिलेलं. १८१९ मध्ये पायाभरणी, समोर पार्थेनॉनसारखे दोन रांगांत सोळा खांब, मागे रोमच्या पँथिऑनसारखा घुमट. खर्च त्याचा. पूर्ण झालेलं मात्र त्याने बघितलं नाही, १८३० ला भावाने पुरं केलं. आत वेदीवरचं चित्र कॅनोव्हाचं, आणि बाजूला कबर, एकाच पेटीत दोघं सावत्र भाऊ. हृदय तेवढं व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये आहे, तिथला पिरॅमिड त्याने चित्रकार टिशियनच्या स्मारकासाठी आखला होता, शेवटी शिष्यांनी तो त्याच्यासाठीच बांधला. फ्रारी व्हेनिस स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, त्यामुळे परतीच्या संध्याकाळी उघडं सापडलं तर तेही करून टाका, फक्त चर्च बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा.